सायप्रसची सहल: किनाऱ्यावर पोहा, पण दोन-तीन रात्री गावात झोपा

सायप्रसला जाऊन आलेल्या मंडळींचे फोटो पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. निळंशार पाणी, छत्री, आरामखुर्ची, आणि मग अधूनमधून एखाद्या दगडी गल्लीत भर उन्हात डोळे बारीक करून उभं राहिलेलं कुटुंब. ती गल्ली म्हणजे 'पारंपरिक गाव', आणि त्या गावाला मिळालेले दीड तास. बस येते, माणसं उतरतात, लेस आणि वाइनची दुकानं बघतात, बस जाते. गावातली माणसं तेव्हा दारं लावून जेवून झोपलेली असतात.

दोष प्रवाशांचा नाही, अंतराचा आहे. भूमध्य समुद्रातलं हे तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट असलं तरी क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडंसं जास्त. किनाऱ्यावरून डोंगरातल्या गावात तास-सव्वा तासात पोचता येतं, म्हणून प्रत्येकाला वाटतं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ. नेमकं तेच करू नका. खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: मुक्काम दोन ठिकाणी नाही, तीन ठिकाणी करायचा, आणि त्यातला मधला डोंगरात.

आधी महिना ठरवा

मे महिन्याचा मध्य ते जून, किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. पहिल्या काळात डोंगर अजून हिरवे असतात, पण समुद्र जरा गार. दुसऱ्या काळात उन्हाळाभर तापलेलं पाणी कोमट लागतं आणि गावांत द्राक्षाचा हंगाम असतो. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर ऑक्टोबर घ्या, चालणं-भटकणं असेल तर मे. जुलै-ऑगस्टमध्ये निकोसियाचा पारा चाळिशीला टेकतो. दुपारी चारपर्यंत बाहेर पडण्यात अर्थ नसतो आणि लहान मुलं असली तर त्यांचे आणि तुमचेही हाल होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस, आणि बेटाच्या मधल्या ट्रूडोस डोंगररांगेच्या माथ्यावर बर्फ. ऑलिंपस हे तिथलं सर्वांत उंच शिखर १,९५२ मीटरचं आहे.

दोन तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. एक, ऑर्थोडॉक्स ईस्टर. तो आपल्याकडच्या कॅलेंडरवरच्या ईस्टरच्या दिवशीच येईल असं नाही. कधी एकत्र, कधी पाच आठवड्यांपर्यंत उशिरा. त्या आठवड्यात गावात राहायला मिळालं तर भाग्य, पण खोली फार आधी घ्यावी लागते आणि दुकानं बंद असतात. दुसरी, १५ ऑगस्ट. मेरीमातेचा सण. त्याच्या आगेमागे शहरातले सायप्रसकर आपापल्या मूळ गावी जातात. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात तसंच. गाव गजबजलेलं असतं, पण परक्या पाहुण्याला जागा मिळणं कठीण.

कागदपत्रं आणि पोचणं

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. सायप्रस २००४ पासून युरोपीय संघात आहे आणि १ जानेवारी २००८ पासून तिथे युरो चालतो, पण शेंगेन व्हिसाच्या बाबतीत त्याचे नियम इतर युरोपसारखे धरून चालू नका आणि कुणाच्या जुन्या अनुभवावर तर अजिबात विसंबू नका. तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशी काय लिहिलं आहे ते वाचा. मुक्कामाची बुकिंगं, परतीचं तिकीट, प्रवास विमा, बँकेची विवरणं ही फाइल तयार ठेवा. गावातलं घर बुक केलं असेल तर मालकाकडून पूर्ण पत्ता असलेलं पुष्टिपत्र मागून घ्या. नुसतं 'अमुक गाव, चर्चच्या मागे' एवढ्यावर अर्ज करू नका.

विमानतळ दोन: लार्नाका आणि पाफोस. दुबई, अबूधाबी, बहारीन अशा आखाती शहरांतून बहुतेक विमानं लार्नाकाला उतरतात. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन तास.

आणखी एक विमानतळ नकाशावर दिसेल, उत्तरेकडचा एर्जान. तिथून शिरू नका. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे आणि उत्तरेकडच्या बंदरा-विमानतळावरून केलेला प्रवेश सायप्रस प्रजासत्ताक बेकायदा मानतं. तिकिटाच्या संकेतस्थळावर स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि अडकलो, असं होऊ देऊ नका.

गाडी

रेल्वे नाही. शहराशहरांना जोडणाऱ्या बस चांगल्या आहेत. लार्नाका, लिमासोल, पाफोस, निकोसिया एवढंच करायचं असेल तर बसने निभेल. पण गावाची बस गावकऱ्यांच्या सोयीने धावते: सकाळी गावातून शहरात, दुपारी शहरातून गावात. आपल्याला नेमकं उलट हवं असतं. तेव्हा भाड्याची गाडी घ्या.

इथे आपला मोठा फायदा आहे. १८७८ ते १९६० इंग्रजांचा अंमल होता, त्यामुळे गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. युरोपात गाडी चालवायची म्हणून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी सुरुवात या बेटापासून करावी. महामार्गावर ताशी १००, इतर रस्त्यांवर ८० आणि वस्तीत ५० किलोमीटरची मर्यादा, जागोजागी कॅमेरे. चक्राकार चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. भाड्याच्या गाडीची पाटी लाल असते, त्यामुळे स्थानिक चालक तुम्हाला लांबूनच ओळखतात आणि बरेचदा सांभाळूनही घेतात. परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना नेलेला बरा.

गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिंगांसकट. आम्ही संध्याकाळच्या घाईत तो काढला नाही आणि परत करताना एका जुन्या ओरखड्यावरून अर्धा तास वाद घालत बसलो. विम्याच्या कागदात दोन ओळी मुद्दाम शोधा: टायर आणि गाडीचा खालचा भाग यांचं काय, आणि कच्च्या रस्त्याचं काय. पश्चिम टोकाच्या अकामासच्या मातीच्या वाटांवर साधी छोटी गाडी घातली आणि काही झालं तर तो खर्च बहुतेक वेळा तुमचाच असतो. तोच विमा हिरव्या रेषेच्या, म्हणजे बेट दुभंगणाऱ्या सीमारेषेच्या, उत्तरेला लागू होत नाही. तिकडे गाडी न्यायची तर सीमेवर वेगळा घ्यावा लागतो, आणि कंपनीची परवानगीही.

पेट्रोल पंपावर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी माणूस नसतो. यंत्रात नोट किंवा कार्ड घालायचं, पंपाचा क्रमांक निवडायचा, आपणच भरायचं. नोट घातली तर सुटे परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. डोंगरात शिरण्यापूर्वी टाकी भरून घ्या.

गावांची नावं हा एक स्वतंत्र घोळ आहे. पाटीवर लेफ्कोसिया म्हणजे आपलं निकोसिया, लेमेसोस म्हणजे लिमासोल, अमोहोस्तोस म्हणजे फामागुस्ता. 'पानो' म्हणजे वरचं आणि 'कातो' म्हणजे खालचं. आपल्या बुद्रुक-खुर्दसारखी ही जोडगावं आहेत, आणि फोनवरचा नकाशा नेमका चुकीच्या जोडगावाला नेतो. पानो लेफ्कारा हवं असताना कातो लेफ्काराच्या चर्चपुढे उभं राहिलात तर घाबरू नका, वरच्या गावाचा रस्ता तिथूनच जातो.

दहा रात्रींची आखणी

तीन रात्री पूर्व किनारा, चार रात्री डोंगर, तीन रात्री पाफोसची बाजू. सात रात्रीच असतील तर दोन-तीन-दोन. डोंगराला जास्त का? किनाऱ्यावर तिसऱ्या दिवशी सगळे दिवस सारखे वाटायला लागतात. गावात तिसऱ्या दिवशी कुठे समोरची आजी हात हलवायला लागते.

*पूर्व किनारा.* लार्नाकात राहा किंवा पुढे प्रोतारासला. आयिया नापाचा निस्सी किनारा फोटोत दिसतो तसाच आहे. पांढरी वाळू, समोरच्या खडकाळ बेटापर्यंत चालत जाता येईल इतकं उथळ पाणी. पण उन्हाळ्यात तिथे संगीत आणि गर्दी इतकी की वय वर्षं पंचविसाच्या पुढे असाल तर सकाळी आठला जा आणि अकराला निघा. प्रोतारासची फिग ट्री बे लहान मुलांसाठी उत्तम. मला स्वतःला कोनोस आवडतो: केप ग्रेकोच्या कड्याखाली अर्धवर्तुळात वसलेला, वारा अडवणारा छोटा किनारा. केप ग्रेकोवर सकाळी चालायला जा, समुद्री गुहा वरून दिसतात. तिथून पाण्यात उड्या मारणारी पोरं दिसतील. ती तिथलीच असतात, त्यांची बरोबरी करू नका.

किनारे सार्वजनिक आहेत, हॉटेलचे नव्हेत. कुणीही कुठेही टॉवेल अंथरू शकतो. पैसे फक्त खुर्ची आणि छत्रीचे. त्यांचे दर फलकावर लिहिलेले असतात. लाल झेंडा दिसला की पाण्यात उतरायचं नाही, पाणी कितीही शांत दिसो. पायात रबरी बूट असू द्या, वाळूचे दिसणारे किनारेही पाण्याखाली खडकाळ निघतात.

लार्नाकात एक संध्याकाळ फिनिकूदेस या ताडांच्या रांगेच्या समुद्ररस्त्यावर काढा. नोव्हेंबर ते मार्च असेल तर शहराला लागूनच असलेल्या खाऱ्या तळ्यात रोहित पक्षी असतात. उन्हाळ्यात ते तळं आटून पांढरं मीठ उरतं. तळ्याकाठी हाला सुलतान तेक्के ही मशीद. याच शहरात एका रस्त्याला 'स्त्रातिगू तिमाया' असं नाव आहे. हे आपले जनरल थिमय्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून ते इथे होते आणि डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच त्यांचं निधन झालं. भारतातून आलो म्हटल्यावर एखादा म्हातारा दुकानदार त्यांचं नाव काढतो, तेव्हा आपल्याला ते माहीत असलेलं बरं.

*लेफ्कारा, पहिली रात्र डोंगरात.* लार्नाकाहून सुमारे ४० किलोमीटर. वाटेत हिरोकितिया लागतं, नऊ हजार वर्षांपूर्वीच्या गोल घरांची वस्ती. उघड्या टेकडीवर सावली नाही, म्हणून सकाळी नऊच्या आत. पुन्हा उभारलेली गोल घरं पाहून मुलांना लगेच कळतं. वरचे नुसते पाये मोठ्यांसाठी.

लेफ्कारा भरतकामासाठी प्रसिद्ध आहे. लेफ्कारितिका हे ताग्यावर धागे काढून, मोजून केलेलं काम २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. लिओनार्दो दा विंचीने इथून मिलानच्या कॅथेड्रलसाठी कापड नेलं अशी दंतकथा प्रत्येक दुकानात ऐकू येईल. ऐका आणि सोडून द्या. खरेदी करायची असेल तर तीन गोष्टी पाहा. कापड लिननचं आहे का. उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ आहे का; यंत्राच्या कामात मागे गाठी आणि तुटके धागे दिसतात. आणि विक्रेती बाई स्वतः टाका घालून दाखवते का. हाताच्या छोट्या रुमालालाही कित्येक दिवस लागतात, तेव्हा किंमत जास्तच असते. घासाघीस करू नका, आपल्या पैठणीला कुणी अर्ध्या किमतीत मागितलं तर विणकराला जे वाटेल ते तिला वाटतं. परवडत नसेल तर सरळ म्हणा की फक्त बघायला आलो. गावातले पुरुष पूर्वापार चांदीची जाळीची कामं करतात, तीही पाहण्यासारखी.

आता या लेखाचा मूळ मुद्दा. चारच्या सुमारास शेवटच्या बस निघून जातात. पाचला दारं उघडतात. बायका खुर्च्या काढून गल्लीत बसतात, सुया पुन्हा हातात येतात, या वेळी विकायला नव्हे तर गप्पांबरोबर. मुलं सायकली काढतात. दुपारी पोस्टकार्डासारखी वाटलेली गल्ली कुणाचं तरी अंगण होते. त्या वेळी तिथे असायला हवं, आणि त्यासाठी रात्री तिथे झोपायला हवं.

*पुढच्या तीन रात्री ट्रूडोसमध्ये.* निवड दोन गावांतून करा. काकोपेट्रिया उत्तरेच्या उतारावर, दोन ओढ्यांच्या मध्ये. जुना भाग मातीच्या विटांची घरं, लाकडी सज्जे, खाली पाण्याचा आवाज. उन्हाळ्यात तिथे रात्री चादर लागते. ओमोडोस दक्षिणेला, द्राक्षमळ्यांच्या गावांत. मधोमध फरसबंद चौक आणि क्रूसाचा मठ. ओमोडोस दिसायला जास्त देखणं पण दिवसा पर्यटकांनी भरलेलं, काकोपेट्रिया राहायला जास्त सुखाचं. माझं मत काकोपेट्रियाला. ओमोडोसला सकाळी दहाच्या आत जा, तिथला जुना लाकडी द्राक्षघाणा पाहा आणि बस यायला लागल्या की निघा.

काकोपेट्रियाजवळ आयिओस निकोलाओस तिस स्तेगिस हे छोटं चर्च आहे. नावाचा अर्थ 'छपराचा संत निकोलस'. घुमटावर बर्फ साचू नये म्हणून त्यावर दुसरं उतरतं कौलारू छप्पर घातलेलं. बाहेरून धान्याचं कोठार वाटतं, आत भिंतीभर चित्रं. ट्रूडोसमधली अशी दहा चर्चं युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, पहिली १९८५ मध्ये नोंदली गेली. निकितारी गावापलीकडचं असिनू आणखी सुंदर. त्यातली सर्वांत जुनी चित्रं बाराव्या शतकाच्या सुरुवातीची. ही देवळं नुसती पाहण्याची नाहीत, त्यांत पूजा चालते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फ्लॅश नाही. काहींना कुलूप असतं आणि किल्ली गावातल्या कुणाकडे तरी असते. जवळच्या कॉफीच्या दुकानात विचारा. दुपारी विचारू नका.

गावात कसं राहायचं

जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांना देण्याची पद्धत इथे चांगली रुजली आहे. दगडी भिंती, आत अंगण, एखादं लिंबाचं झाड, छोटं स्वयंपाकघर. बुकिंग करताना विचारायच्या गोष्टी: गाडी दारापर्यंत येते का (जुन्या भागात बहुधा येत नाही, सामान उचलून न्यावं लागतं), पायऱ्या किती, आणि थंडीच्या दिवसांत घर गरम करायची सोय काय. पाणी छतावरच्या सौर टाकीतलं असतं. संध्याकाळी कढत, पहाटे कोमट. सगळ्यांनी संध्याकाळीच अंघोळी उरका. आणि आवरत्या उरका, बेटावर पाण्याची कायमची टंचाई आहे, शहरांना समुद्राचं पाणी गोडं करून पुरवतात. नळाचं पाणी पिता येतं. प्लगला तीन चौकोनी पिनांचा इंग्रजी अडॅप्टर लागतो. 'युरोपचा' म्हणून दोन गोल पिनांचा घेऊन गेलात तर उपयोग नाही.

दुपारी दोन ते पाच ही झोपेची वेळ. या वेळात दार वाजवायचं नाही, अंगणात मुलांना ओरडू द्यायचं नाही.

पाचनंतर काफेनियो गाठा. ही गावची कॉफीची जागा, खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे. आत म्हातारे तावली हा फासे-सोंगट्यांचा खेळ खेळत असतात. पूर्वी तिथे फक्त पुरुष बसत. आता पाहुण्या बायका बसल्या तर कुणाला काही वाटत नाही. कॉफी साखरेसकट उकळतात, म्हणून साखर आधीच सांगावी लागते: 'स्केतो' बिनसाखरेची, 'मेत्रियो' मध्यम, 'ग्लिको' गोड. सोबत गार पाणी येतं. कप हलवू नका, तळाचा गाळ पिऊ नका. येताना सगळ्यांकडे बघून 'काल्हिस्पेरा' नव्हे, 'कालिस्पेरा' म्हणा. मी तीन दिवस चुकीचं म्हणत होतो आणि त्यांनी सौजन्याने काही म्हटलं नाही. सकाळी 'कालिमेरा', आभार 'एफारिस्तो'.

आणि एक शब्द ऐकायला शिका: 'कोपियास्ते'. अंगणात जेवत बसलेलं कुटुंब तुम्ही समोरून गेलात की हा शब्द उच्चारतं. अर्थ, 'या, बसा आमच्याबरोबर'. आपल्या 'या जेवायला'सारखाच. कधी मनापासून, कधी रीत म्हणून. पहिल्यांदा हसून आभार मानायचे. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर बसायचं. हातात काही नसेल तर दुसऱ्या दिवशी बेकरीतून काही नेऊन द्यायचं. घरात गेलात तर चमच्याचं गोड पुढे येतं: पाकातले कोवळे अक्रोड, कलिंगडाची साल, बर्गमॉट. एका छोट्या बशीत एकच तुकडा. मुरांबा खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. झिवानिया नावाची पाण्यासारखी दिसणारी दारूही पुढे येईल. ती पाण्यासारखी नसते. गाडी चालवणाऱ्याने हात जोडावेत.

मांजरं सगळीकडे असतील. त्यांचा हक्क जुना आहे: लिमासोलजवळच्या शिलूरोकाम्बोस इथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते २००४ मध्ये जाहीर झालं. टेबलाखालच्या मांजराला ते माहीत असल्यासारखंच ते बसलेलं असतं.

शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. 'हॉर्तोफागोस' म्हणजे शाकाहारी, आणि तरीही 'कोंबडी चालेल ना' असा प्रश्न येऊ शकतो. त्यापेक्षा चांगला शब्द 'निस्तिसिमा': ऑर्थोडॉक्स उपासाचं जेवण, ज्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी-ऑक्टोपस असू शकतात, तेवढं विचारून घ्या. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तर खानावळींत हे आपोआप मिळतं. लूवी म्हणजे चक्क चवळी, पालेभाजीबरोबर उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. कोलोकासी म्हणजे आपल्या अळूचा कंद, सोतिरा गावचा नावाजलेला. मात्र तो बरेचदा मांसाबरोबर शिजवतात, म्हणून विचारा. ताहिनी, हुमुस, ऑलिव्ह घातलेली पाव-भाकरी. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत खिमा असतो, बिनमांसाच्या वेगळ्या मागाव्या लागतात.

हलूमी हे चीज तव्यावर भाजून देतात आणि दातांखाली करकर वाजतं. शेळी-मेंढीच्या दुधाचं, कधी गाईचं दूधही मिसळलेलं, मध्ये पुदिना. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. ते विरजताना प्राण्यांपासूनचं रेनेट वापरलेलं असू शकतं. कडक शाकाहारी असाल तर चौकशी करा. मेझे मागवलंत तर पंधरा-वीस छोट्या बश्या एकामागून एक येतात. पहिल्या पाच बश्यांत पोट भरू नका. चौघांत दोघांचं मेझे मागवायला बहुधा नाही म्हणतात, तेव्हा भूक बघून सुटे पदार्थच मागवा.

शेवटच्या तीन रात्री, पाफोसची बाजू

डोंगरातून उतरताना लिमासोलवरून या. कुरियनचं प्राचीन नाट्यगृह समुद्राकडे तोंड करून आहे, सूर्य कलल्यावर जा. पुढे पेत्रा तू रोमिऊ, आफ्रोदितेच्या जन्माचा म्हणून सांगितला जाणारा खडक. फोटोला छान, पोहायला नाही: गोटे टोचतात आणि लाटा ओढतात. खडकावर चढू नका.

पाफोस १९८० पासून जागतिक वारशात आहे. बंदराजवळच्या रोमन घरांतली रंगीत दगडी चित्रं १९६२ मध्ये नांगरताना सापडली. पोहायला कोरल बे सोयीचा. त्याच्या उत्तरेला लारा किनारा, जिथे समुद्री कासवं अंडी घालतात. १९७८ पासून तिथे संवर्धनाचं काम चालू आहे. वाळूत जाळीचे पिंजरे दिसतील, ती घरटी. जून ते सप्टेंबर तिथे छत्री रोवायची नाही, रात्री थांबायचं नाही, गाडी वाळूवर न्यायची नाही. रस्ता शेवटी कच्चा आहे, विम्याची ओळ आठवा. ब्लू लगूनला लाचीहून बोटीने जा, गाडीने नको.

निकोसियाला जायचं असेल तर काकोपेट्रियातून एक दिवस काढा. लेद्रा रस्त्यावरची पायी सीमा २००८ मध्ये उघडली. पासपोर्ट दाखवून पलीकडे जाता येतं. मधल्या पट्ट्यात फोटो काढायचे नाहीत. एक साधी गोष्ट: रेषेजवळ फोन आपोआप उत्तरेकडचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल चढतं. प्रोतारासच्या आसपासही होतं. नेटवर्क हाताने निवडून ठेवा. अडचण आली तर आपत्कालीन क्रमांक ११२.

परतीच्या दिवशी हलूमी घ्यायचं तर हवाबंद पाकीट घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. हाताच्या सामानात त्यातलं खारं पाणी अडतं. येरोस्किपूचं लुकूमी, ही मऊ मिठाई, पाफोसच्या वेशीवरच मिळतं, ते हातात चालतं. लेफ्काराचा रुमाल घडी न घालता गुंडाळून न्या. पाफोसहून लार्नाका विमानतळ साधारण १३० किलोमीटर, महामार्गाने दीड तास. गाडी परत करायला आणखी एक तास धरा, टाकी भरून द्या, आणि या वेळी व्हिडिओ काढायला विसरू नका.